मूल चिखलात मोकळं सोडायचं, तर कोणत्या क्रमाने? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी

आपल्याकडे दोन चुका सारख्या होतात. पहिली चूक गावाबाहेरच्या सहलीची. वर्षभर फ्लॅटमध्ये वाढलेलं पाच-सहा वर्षांचं मूल जुलैतल्या एखाद्या रविवारी गाडीत घालून जांबोटी, चोर्ला किंवा किटवाडच्या बाजूला नेतात आणि तिथल्या ओढ्यात पहिल्यांदा चिखलात उतरवतात. शेवाळलेला खडक, अनोळखी पाणी, गर्दी, आणि चिखलात पाय कसा टाकायचा ते मुलाला माहीत नाही. ते पडतं, भेदरतं, दोन दिवसांनी तापतं. मग घरात ठरतं, 'आपल्या पोराला सोसत नाही.'

दुसरी चूक अंगणातली. मूल बाहेर असतं, पण मागे आवाज चालू असतो: तिकडं नको, हात घालू नको, बसू नको, कपडे बघ. अर्ध्या तासात मूल खेळणं सोडून आईच्या तोंडाकडे बघत उभं राहतं.

दोन्ही चुकांचं मूळ एकच. काळजीची मेहनत मूल बाहेर पडायच्या आधी करायची असते. आपण ती मूल बाहेर असताना करायला जातो. जागा आधी नीट बघितली, अंगावरचे कपडे खराब व्हायचेच आहेत हे मान्य केलं आणि घरी परतल्यावर काय करायचं ते ठरलेलं असलं, की मधल्या वेळात मोठ्यांनी गप्प राहायला हरकत नसते. म्हणून खालच्या पायऱ्या क्रमानेच घ्या. घाई करून तिसरीवरून सहावीवर उडी मारली, की वरची सहलीची गोष्ट घडते.

## सुरुवात कुठल्या महिन्यात

एप्रिलमध्ये. कर्नाटकात शाळांना सुट्टी लवकर लागते आणि मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला शाळा परत भरतात. म्हणजे कोरड्या मातीचा एक महिना आणि वळवाच्या पावसाचे काही दिवस सुट्टीतच हाती लागतात. खरा चिखल येतो तेव्हा शाळा चालू असते, रोज संध्याकाळी तासभरच मिळतो. तोवर मुलाचे पाय आणि घरातली रीत दोन्ही बसलेली हवीत. जूनमध्ये जागं झालात तरी बिघडत नाही, पण मग पहिला आठवडा अंगणातच काढा.

## १. जागा आधी स्वतः पायी फिरून बघा

मुलाला न घेता जा. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, कारण सकाळी रिकामी दिसणारी जागा संध्याकाळी दारू प्यायला बसणाऱ्यांची असू शकते.

शहरात राहत असाल तर टिळकवाडी-हिंदवाडीकडच्यांना व्हॅक्सिन डेपोची झाडी आहे. वडगाव, अनगोळ, येळ्ळूर रस्त्याच्या बाजूला शिवार अजून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. उचगाव, कडोली, सुळगे, कंग्राळीकडच्यांना घरामागेच शेत. जागा मोठी लागत नाही. दोन खोल्यांएवढी मोकळी माती आणि एखादं झाड पुरतं. ती घरापासून दहा मिनिटांच्या आत हवी, म्हणजे रोज जाणं होतं. महिन्यातून एकदा दूर जाण्यापेक्षा रोज जवळ जाणं कितीतरी पटीने चांगलं, आणि ह्या एका मुद्द्यावर मी तडजोड सुचवणार नाही.

आता काय बघायचं ते.

माणसाची विष्ठा. सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि बघायचं नेमकं हेच राहून जातं. आकडीकृमीची (हूकवर्म ह्या आतड्यातल्या जंताची) अळी माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. शेतातला चिखल म्हणजे घाण आणि बागेतला म्हणजे स्वच्छ असं काही नसतं. जिथे लोक उघड्यावर बसतात ती कड, तो बांध, ती नाल्याची काठ यादीतून काढून टाका. गटाराचं पाणी ज्या शेतात शिरतं तेही. बळ्ळारी नाल्याच्या काठची जमीन काळीभोर आणि मऊ दिसते, पण शहराचं सांडपाणी वाहून नेणाऱ्या नाल्याकाठी मूल चिखलात बसवू नका.

खड्डे आणि पाणी. विटांसाठी माती काढलेले खड्डे, दगडाच्या बंद पडलेल्या खाणी, शेततळी, कठडा नसलेल्या विहिरी. विटांच्या मातीचा खड्डा पावसात भरला की वरून गुडघाभर पाण्याचं डबकं वाटतं आणि काठ सरळ तुटलेला असतो. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरलेला असेल तर पोहणाऱ्या मोठ्या माणसालाही त्या निसरड्या उतारावरून वर येता येत नाही. खेळायच्या जागेपासून असं काही हाकेच्या अंतरात असेल तर जागा बदला. 'आम्ही लक्ष ठेवू' हा उपाय नव्हे.

फवारणी. भाजीपाला, मिरची, बटाटा, ऊस: कुठल्या शेतात कधी औषध मारलं ते शेतमालकालाच विचारा. औषधाचे रिकामे डबे आणि पुड्या बांधावर टाकलेल्या असतात, त्या आधी उचलायला लावा. निपाणी भागात आणखी एक गोष्ट. तंबाखूचं पान दवाने किंवा पावसाने ओलं असताना त्यातलं निकोटीन कातडीतून अंगात उतरतं. मळमळ, उलटी, चक्कर येते. उभ्या तंबाखूत मुलांनी लपाछपी खेळायची नाही, आणि ओल्या पानात तर पाऊलही टाकायचं नाही.

वीज. पंपाचा स्टार्टर, जमिनीवरून नेलेली वायर, रानडुकरांसाठी लावलेली तार. पावसाळ्यात हे सगळं परत एकदा बघावं लागतं.

झाडंझुडपं. कुंपणाला लावलेली मोगली एरंड बघून ठेवा. तिच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं वाटून खातात आणि मग एकदम चार-पाच जणांना उलट्या-जुलाब होतात. कण्हेर, धोतरा, गुंज हीदेखील ओळखून ठेवा. खाजकुयलीच्या शेंगा पावसाळ्यानंतर वाळतात तेव्हा त्यांच्या लवेने अंग पेटतं. ही झुडपं उपटायची गरज नाही. मुलाला हात धरून नेऊन दाखवा, नाव सांगा, 'हे तोंडात घालायचं नाही' एवढं सांगा. न दाखवता नुसतं 'काही खाऊ नको' म्हटलं तर मूल जांभूळही भीत भीत खातं.

> तपासणी: जागेचा कोणता कोपरा वर्ज्य आहे हे तुम्हाला एका वाक्यात सांगता येतं का? 'आंब्याच्या पलीकडे नाही' हे वाक्य चालेल. 'जपून खेळ' हे चालणार नाही.

### लाल माती की काळी

बेळगाव-खानापूरची तांबडी माती पाणी लवकर पिते, पाऊस थांबला की अर्ध्या-पाऊण तासात खेळण्याजोगी होते. ती अंगाला चिकटते पण धुतली की जाते. कपड्याला मात्र लोहाचा रंग कायमचा बसतो. गोकाक, सौंदत्ती, अथणीकडची काळी माती फुगते, पायाला किलो-किलोने चिकटते आणि लहान मूल त्यात खरोखर अडकतं. काळ्या रानात पाच वर्षांखालच्या मुलाला भर पावसात उतरवू नका. पाऊस उघडून दोन दिवस झाल्यावर ती माती मळलेल्या कणकेसारखी होते, तेव्हा उतरवा. आणि उन्हाळ्यात काळ्या रानाला पडलेल्या भेगांत हात घालायचा नाही, आत विंचू असतो.

## २. मुलाची तयारी

लसीचं कार्ड काढून बघा. सरकारी वेळापत्रकात डीपीटीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांत आणि दुसरा ५ ते ६ वर्षांत असतो. पुढे १० आणि १६ व्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस. बऱ्याच मुलांचा पाचव्या वर्षाचा डोस राहून जातो, कारण तोवर दवाखान्याची सवय सुटलेली असते. धनुर्वाताचं संरक्षण नसताना अनवाणी मातीत सोडणं चुकीचं. आधी डोस पुरा करा.

जंताची गोळी अंगणवाडी आणि शाळांतून साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये देतात, १ ते १९ वर्षांच्या मुलांना. खासगी शाळेतल्या पालकांनी गोळी खरंच दिली का ते विचारावं. गोळी चावून खायची असते. लहानग्याला चुरा करून पाण्यातून द्या.

नखं दर रविवारी कापा. घरी परतल्यावरच्या अर्ध्या कटकटी ह्या एका सवयीने कमी होतात.

कपडे. 'जुने कपडे' नको, 'चिखलाचे कपडे' हवेत. दोन जोड ठरवा, घरच्या दुसऱ्या कपड्यांपासून वेगळ्या खुंटीवर टांगा. मूल स्वतः ते घालून आलं की त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो: आज कपड्यांवरून कोणी बोलायचं नाही. रंग गडद तपकिरी किंवा मरून, कापड सुती आणि पातळ. जीन्स नको, ओली झाली की जड होते, मांड्यांना घासते आणि जुलैत बेळगावात तीन दिवस वाळत नाही.

पायात काय? तपासलेल्या अंगणात अनवाणी. बाकी सगळीकडे मागे पट्टा असलेले सँडल. गमबूट वाटेवर चालायला चांगले, पण खोल चिखलात बूट तिथेच राहतो आणि पाय तेवढा वर येतो. बूट, सँडल काहीही असो, घालण्याआधी उलटं करून आपटायचं. ही सवय मुलाला पहिल्या दिवसापासून लावा.

> इशारा: पायातले काळे दोरे, चांदीचे वाळे, हातातली कडी चिखलात उतरण्याआधी काढा. काही चावलं आणि सूज आली तर तेच आवळतात.

## ३. घरातल्या आणि शेजारच्या माणसांशी बोलून घ्या

ही पायरी वगळली की बाकीच्या फुकट जातात. आई-बाबांनी परवानगी दिलेली असते आणि दारातच आज्जी म्हणते, "सर्दी हुईल की गे पोराला, आत घे." आज्जीशी वाद घालू नका. सर्दी विषाणूने होते, पावसाने नाही, हे खरं. पण ओल्या कपड्यात तासभर कुडकुडत बसलेलं मूल आजारी दिसतं हे आज्जीने आयुष्यभर पाहिलेलं असतं. तिला घरी परतल्यानंतरची व्यवस्था सोपवा: अंघोळीचं कोमट पाणी, कोरडा पंचा, आलं घातलेलं काहीतरी गरम. जिच्या हातात शेवट आहे ती सुरुवातीला आडवी येत नाही.

शेतमालकाला आधी विचारा, आणि तुमचंच घरचं शेत असलं तरी वाट्याने करणाऱ्याला विचारा. कुठल्या बांधावरून जायचं, कुठल्या वाफ्यात रोप आहे, पाणी कुठे अडवलंय. बांध तुडवला तर साठवलेलं पाणी फुटून जातं आणि खालच्या वाफ्याचं नुकसान होतं. मुलाने हे ऐकलेलं बरं, म्हणून विचारायला जाताना त्यालाही न्या.

एकटं मूल लवकर कंटाळतं. गल्लीतली दोन-तीन मुलं हवीत, वय सारखं नसलेलं अधिक चांगलं. नऊ-दहा वर्षांची ताई बरोबर असली की पाच वर्षांचं पोर तिचं बघून पाय टाकतं. पण त्या ताईला राखणदार करू नका. लक्ष ठेवणं मोठ्यांचं काम, तिचं खेळणं तिला खेळू द्या.

## ४. पहिले आठवडे: कोरडी माती

रोज एक तास, उन्हं उतरल्यावर. सोबत एक जुना तांब्या, खुरपं नको पण एक बोथट उलथनं, पाण्याची बादली, नारळाच्या करवंट्या. खेळणी विकत आणू नका. प्लास्टिकचा संच आणला की मूल त्याचाच खेळ करतं, मातीचा नाही.

मोठ्यांनी दहा-बारा पावलांवर बसायचं, हातात काम घेऊन. भाजी निवडा, शिवा, वाचा. मोबाइल नको, कारण मान खाली गेली की दहा मिनिटं वर येत नाही.

पहिल्या आठवड्यात मूल येऊन विचारेल, 'काय खेळू?' उत्तर देऊ नका. 'बघ की' एवढंच म्हणा. साधारण पंधरा-वीस मिनिटं ते रेंगाळतं, तक्रार करतं, आणि मग काहीतरी सुरू होतं. पालक नेमके ह्याच वीस मिनिटांत उठून खेळ शिकवायला जातात. धीर धरा. लगोरी, विटीदांडू, सूरपारंब्या शिकवायला हरकत नाही, पण ते वेगळ्या वेळी, मुलांनी बोलावलं तर.

झाडावर चढण्याचा नियम सोपा: मुलाला वर उचलून ठेवायचं नाही. स्वतः चढलं तेवढंच त्याचं. जे स्वतः चढतं ते बहुतेक वेळा उतरूही शकतं. खालून 'पडशील!' ओरडलं की मूल झाडाकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघतं आणि हात सुटतो. बोलायचंच असेल तर 'उजवा पाय खालच्या फांदीवर' असं कामाचं बोला. शेवगा आणि पपई ठिसूळ, त्यांवर कधीच नाही. पावसाळ्यात ओल्या, शेवाळलेल्या बुंध्यावर कोणीच नाही.

> तपासणी: दोन आठवड्यांनी तुम्ही एका तासात किती वेळा हाक मारता ते मोजा. पाचापेक्षा जास्त वेळा मारावी लागत असेल तर जागा चुकली आहे, मूल नाही. पहिल्या पायरीवर परत जा.

## ५. घरी परतण्याची रीत

ही पहिल्याच दिवसापासून लावा, चिखल सुरू व्हायची वाट बघू नका. क्रम ठरलेला हवा:

१. दाराबाहेरच पाय आणि हात धुणं. पायरीजवळ बादली, तांब्या, जुनी नारळाची शेंडी.

२. कपडे बाहेरच्या टोपलीत. लगेच पाण्यात घालू नका. चिखल वाळू द्या, झटका, ब्रशने झाडा, मग गार पाण्यात भिजवा. ओला चिखल चोळला की तांबडी माती धाग्यात घुसते.

३. अंघोळ कोमट पाण्याने, साबणाने. नखांत ब्रश. बोटांच्या बेचक्या, जांघा, काखा, कानामागे. डेटॉल पाण्यात ओतायची गरज नाही, साधा साबण पुरतो.

४. बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं. चिखल्या होतात त्या चिखलामुळे कमी आणि ओल्या बेचक्या बुटात कोंबल्याने जास्त. शाळेचे मोजे दोन जोड ज्यादा ठेवा, ओला मोजा घालून कधीच पाठवू नका.

५. अंग बघणं. खरचटलंय का, काटा आहे का, काही चिकटलंय का. मूल स्वतः सांगेल अशी वाट बघू नका. ज्याला ओरडा बसायची भीती असते ते लपवतं. म्हणून जखम दिसली तर आधी धुवा, चौकशी मागाहून.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. हळद, चहाची पूड, चुना, तंबाखू काही भरायचं नाही. खोल गेलेला खिळा, गंजलेला पत्रा, शेणाच्या जागेतली जखम असेल तर त्याच दिवशी दवाखाना. कुत्रं चावलं किंवा नख लागलं तर १५ मिनिटं घड्याळ लावून वाहत्या पाण्यात साबणाने धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. 'घरचंच कुत्रं आहे' म्हणून थांबू नका.

## ६. वळीव

मेमधला पहिला वळीव ही मुलाची चिखलाची पहिली खरी शाळा. माती तापलेली, पाणी कोमट, पाऊस अर्ध्या तासात संपणारा. त्याला ह्याच पावसात भिजू द्या. पण वळीव म्हणजे कडकडाट, म्हणून नियम कडक ठेवा: गडगडाट ऐकू आला की सगळे घरात. झाडाखाली नाही, पत्र्याच्या उघड्या शेडखाली नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटांनी बाहेर. खरं म्हणजे चिखल तेव्हाच जास्त छान झालेला असतो, त्यामुळे मुलांचंही काही जात नाही.

मातीकामाला हेच दिवस चांगले. निपाणीकडे ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर येतो, तेव्हा पूजेची बैलजोडी विकत आणण्याऐवजी मुलांना करू द्या. नुसत्या काळ्या मातीचा बैल वाळताना तडकतो. तिच्यात एक चतुर्थांश बारीक वाळू आणि मूठभर भाताचा कोंडा मळा, ओल्या फडक्यात रात्रभर ठेवा, सकाळी करा, आणि सावलीत वाळवा. उन्हात ठेवलेल्या बैलाचे पाय आधी मोडतात. खानापूर भागात कुंभारकाम चालतं; एखाद्या कुंभाराकडून तयार माती विकत मिळाली तर फारच बरं, आणि त्या निमित्ताने मुलांना चाक फिरताना बघता येतं.

## ७. जून ते ऑगस्ट: खरा चिखल

खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीकडे, पाऊस दिवसेंदिवस थांबत नाही. बेळगाव शहरात झिमझिम आणि गार वारा. निपाणी-चिकोडीकडे उघडीप जास्त. त्याप्रमाणे वेळ ठरवा. गार वाऱ्यात भिजलेल्या लहान मुलाला ४० मिनिटं पुरतात. ओठ निळसर दिसले, दात वाजायला लागले की आत. उघडीप असेल तर अंधार पडेपर्यंत चालू द्या.

भाताची रोप लावणी असेल तर सहा वर्षांवरच्या मुलांना एक दिवस न्या, पण अटी पाळून. पायाला किंवा हाताला उघडी जखम असेल तर वाफ्यात उतरायचं नाही. उंदरांच्या आणि जनावरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो जखमेतून शिरतो. खत किंवा तणनाशक नुकतं टाकलेल्या वाफ्यात नाही. आणि तिथे मुलाने काम करावं अशी अपेक्षा ठेवू नका. चार रोपं वाकडी लावून ते बांधावर खेकडे बघायला जाईल, जाऊ दे.

### पाणी वेगळं मोजा

चिखलाबद्दल मी जितकी मोकळीक सांगते, तितकीच वाहत्या पाण्याबद्दल आखडती आहे. मार्कंडेय, मलप्रभा, घटप्रभा, वेदगंगा, दूधगंगा: जून ते सप्टेंबर कुठल्याही नदीत मूल उतरणार नाही. वर घाटात पाऊस झाला की इथे ऊन असतानाही ओढा चढतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला की लगेच काठ सोडायचा. ही खूण मुलांनाही शिकवा. साचलेल्या डबक्यात पाच वर्षांखालचं मूल असेल तर मोठा माणूस हात पोचेल इतक्या जवळ. बसून नाही, उभं. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. चुपचाप खाली जातं.

पोहणं उन्हाळ्यात शिकवा, ओळखीच्या विहिरीत किंवा तलावात, कमरेला डबा बांधून. पण पोहता येणारं मूलही पावसाळ्यातल्या ओढ्यात सुरक्षित नसतं.

## ८. रानात जायचं असेल तर

करवंदं, जांभळं, तोरणं यांसाठी एप्रिल-मेमध्ये रानात न्या. तिथे चार गोष्टी सांभाळायच्या.

काजू. कच्च्या बीच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात. बी दातांनी फोडायची नाही आणि मुलांनी स्वतः भाजायचीही नाही. धुरानेही डोळे-तोंड सुजतं. बोंड पुसून खायला हरकत नाही.

गोचीड. डिसेंबर ते मे ह्या काळात गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाची भीती असते. आपल्या सीमेलगत दोडामार्ग, सत्तरी आणि उत्तर कन्नडच्या रानांत हा रोग आढळलेला आहे. रानात माकडं मेलेली दिसली किंवा गावात तशी बातमी असली की तिकडे जाऊच नका, आणि आरोग्य केंद्राला कळवा. रानात पूर्ण बाह्यांचे कपडे, पँट मोज्यात खोचलेली, पाचोळ्यात लोळणं नाही. परतल्यावर केसांची कड, कानामागे, काखा, जांघा तपासा. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल लावून, चटका देऊन नाही.

जळू. पावसाळ्यात खानापूरच्या रानात असतातच. नखाने कडेने सरकवा, सुटते. जागा धुवा. रक्त थोडा वेळ वाहतं, त्याने घाबरायचं नाही.

साप आणि विंचू. दगड उलटायचा असेल तर काठीने, आणि तोही पलीकडची कड आपल्याकडे वर उचलून, म्हणजे आतलं जनावर पलीकडे जातं. साप चावला तर बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. मुलाला चालू देऊ नका, चावलेला हात किंवा पाय न हलवता ठेवा आणि १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. आपल्या गावाजवळ ते कुठल्या रुग्णालयात मिळतं हे आजच विचारून ठेवा. मांत्रिकाकडे घालवलेला तास परत मिळत नाही. तांबड्या विंचवाने दंश केल्यावर मुलाला दरदरून घाम, उलटी, हातपाय गार अशी लक्षणं दिसली तर तोही तितकाच तातडीचा प्रकार समजा.

## ९. पुढच्या दिवसांतला ताप

चिखलात खेळलेल्या मुलाला ताप आला की पालक डॉक्टरांना 'पावसात भिजलं' एवढंच सांगतात. ह्याने निदान लांबतं. तीन गोष्टी आपणहून सांगा: कुठे खेळलं, वाफ्यात किंवा डबक्यात होतं का, अंगावर गोचीड किंवा चावा दिसला का. लेप्टोचा ताप बहुधा एक ते दोन आठवड्यांनी येतो, म्हणून मागच्या पंधरा दिवसांचं आठवा. पोटऱ्या खूप दुखणं, डोळे लाल होणं ही खूण आहे. गवत-झुडपात खेळल्यावर येणाऱ्या स्क्रब टायफसमध्ये अंगावर कुठेतरी काळी खपली असते, बहुतेकदा जांघेत किंवा काखेत, आणि ती दुखत नाही म्हणून दिसत नाही. मूल पूर्ण उघडं करून बघायला सांगा. ताप असताना पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी घरच्या घरी देऊ नका.

## १०. दिवाळीचा किल्ला आणि वाढलेली हद्द

ऑक्टोबरच्या दसऱ्याच्या सुट्टीत मुलांच्या हातात आता मातीचा अंदाज आलेला असतो. किल्ल्याची सगळी जबाबदारी त्यांना द्या. दरवर्षी बापच किल्ला बांधतो आणि मूल मावळे मांडतं, असं करू नका. दगड-विटांचा गाभा, वर गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप. लेप एकाच दिवशी जाड दिला की घसरतो. बोटभर थर, वाळू द्यायचा, मग दुसरा. हिरवळीसाठी मोहरी किंवा नाचणी दिवाळीच्या आठ दिवस आधी पेरा आणि पाणी शिंपडून द्या, ओतून नाही. राजहंसगड एकदा चढून बघून आलेली पोरं बुरूज बरोबर जागी काढतात.

ह्याच सुमाराला हद्द वाढवा. आठ वर्षांवरच्या मुलाला दोन सोबत्यांसह, ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळेत परत यायच्या बोलीवर नजरेआड जाऊ द्या. आधी दोनदा त्याच्या मागे चालत जा, तो पुढे आणि तुम्ही गप्प. उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी हद्द एक टप्पा मागे, ओरडा नाही.

नोव्हेंबरपासून दोन नवे धोके येतात. उसाच्या गाड्या: दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला लगेच थांबता येत नाही आणि मागच्या ट्रॉलीवर दिवाही नसतो. कारखान्याच्या रस्त्यावरून संध्याकाळी मुलांनी सायकल न्यायची नाही, आणि चालत्या ट्रॉलीतला ऊस ओढायचा नाही, ह्यावर एकही सूट नको. दुसरं म्हणजे कापणी झालेलं रान. भाताची खोडकी आणि उसाचे बुडखे पायात घुसतात, तेव्हा अनवाणी खेळ थांबवून मळणी झालेल्या खळ्यावर किंवा नांगरलेल्या ढेकळांत खेळ हलवा. जागा बदलली, म्हणजे पहिली पायरी पुन्हा: आधी तुम्ही एकटे फिरून या.